शिवणीत जाणारे कापड

९ जानेवारी

निवृत्तीनंतर मी रोजनिशी लिहिली नव्हती. लिहिण्याजोगे काही घडत नव्हते, आणि जे घडले ते गेल्या मे महिन्यात एकदाच घडले. ते लक्षात ठेवण्यासाठी वहीची आवश्यकता नव्हती. मुलगा झोपला आणि सकाळी उठला नाही. वय एकोणचाळीस. डॉक्टरांनी हृदयाच्या एका विकाराचे लांबलचक नाव सांगितले. तेव्हापासून या तीन खोल्यांत मी आणि सून, अशा दोघी राहतो.

आज एका कामाला आरंभ होत आहे. कामाला नोंद लागते, म्हणून ही वही.

सकाळी सून कपाटाची दोन्ही दारे उघडून नुसतीच उभी होती. मला पाहून म्हणाली, "आई, लंबूच्या शर्टांचं काय करायचं?"

मुलाला त्याचे मित्र लंबू म्हणत. लग्नानंतर हिनेही तेच उचलले. मला ते नाव रुचले नाही. तथापि वर्णन म्हणून ते अचूक होते. उंची एकशे एक्याऐंशी सेंटीमीटर.

"काय करायचं म्हणजे?"

"असेच किती दिवस टांगून ठेवायचे? कुणाला देऊन टाकले, तर एखाद दिवशी रस्त्यात कुणाच्या तरी अंगावर दिसतील. ते मला नाही झेपणार."

"मलाही नाही."

"मग गोधडी शिवू या का? मशीनवर मी शिवते. मापाचं आणि कापायचं तुम्ही बघा. सरळ रेषेत कापणं मला उभ्या जन्मात जमलेलं नाही."

मी होकार दिला. मग ती कपाटाच्या दाराची मूठ पुसत राहिली. मूठ स्वच्छ होती.

"आणखी एक सांगायचं होतं," ती म्हणाली. भावाच्या गावी एका रुग्णालयातल्या औषधालयात तिला नोकरी मिळाली आहे. इथल्या दुकानापेक्षा काम चांगले, माणसेही तिची. मार्चअखेरीपर्यंत ते थांबायला तयार आहेत. "गोधडी पुरी करूनच जाईन, आई. अर्ध्यावर टाकून नाही जायची."

"निर्णय योग्य आहे," मी म्हणाले. तो योग्यच आहे. तिचे वय, तिचे शिक्षण, या घरातली तिची स्थिती, ही गृहीतके मान्य केली की दुसरा निष्कर्ष निघत नाही. मी दोनदा तपासून पाहिले.

दुपारी चहाचे आधण ठेवताना पाणी तीन कपांचे ठेवले गेले. त्रैराशिक मी छत्तीस वर्षे शिकवले. तिघांचे माप दोघांसाठी कसे उतरवावे, हे सहावीतल्या मुलालाही येते. वरचा कप ओतून दिला.

११ जानेवारी

पक्ष: पूर्ण बाह्यांचे सात शर्ट. एक शिलाई मशीन. अस्तरासाठी एक जुनी चादर, मधल्या थरासाठी एक पातळ ब्लँकेट.

साध्य: एका माणसाची एक गोधडी.

कपाटात हँगर आठ आहेत, शर्ट सात. हँगर जास्त असण्यात काही विसंगती नाही.

लांबी दोनशे दहा सेंटीमीटर आणि रुंदी दीडशे ठरवली. पंधरा सेंटीमीटर बाजूचे चौरस घेतले तर आडवे दहा, उभे चौदा, एकूण एकशे चाळीस. हाताखालचा विरलेला भाग, कॉलर, खिसा आणि काजांची पट्टी वगळून प्रत्येक शर्टातून वीस चौरस निघतात. सात विसा एकशे चाळीस. बाकी शून्य. इतका स्वच्छ भागाकार व्यवहारात क्वचित लाभतो.

सून माझ्या आकृतीकडे पाहत होती. "दोनशे दहा? एवढी लांब कुणासाठी?"

"हे प्रमाण माप आहे."

"पण आई, आपल्या दोघींत मी उंच. आणि मी एकशे साठ आहे."

"पायांखाली दुमडायला जागा लागते. उंची एकशे एक्याऐंशी धरली तर वर एकोणतीस सेंटीमीटर उरतात. ते पुरेसे आहेत."

आत जाऊन तिने कप विसळले. ते आधीच विसळलेले होते. तिचा माझ्या मापावर आक्षेप असता, तर तिने तो मांडायला हवा होता.

१९ जानेवारी

मांडणीचा प्रश्न उरला होता. एकाच शर्टाचे दोन तुकडे शेजारी येऊ नयेत, अशी अट मी घातली. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त करून घेऊन आले, तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर कागदाचे चौरस मांडत होतो.

"बाई, निवृत्त झालात तरी शाळा सुटली नाही तुमची," ते म्हणाले. "आणि ही बिचारी अजून पहिल्या बाकावर!"

"मी शेवटच्या बाकावरची, काका," सून म्हणाली. "गणिताच्या तासाला माझ्या पोटात दुखायचं. आणि बघा, सासू कोण मिळाली!"

मी त्यांना रीत समजावली. शर्टांना शून्य ते सहा असे क्रमांक द्यायचे. पहिली ओळ शून्यापासून, दुसरी तिनापासून, तिसरी सहापासून. प्रत्येक ओळीला तीन घरे पुढे. सहाच्या पुढे गेलो की परत शून्य.

"म्हणजे सात तासांचं घड्याळ," घड्याळवाले म्हणाले.

"तेच. आणि चौदा ओळींत प्रत्येक शर्ट बरोबर वीस वेळा येतो. उभ्या रांगेत प्रत्येकाची पाळी दोनदा. रांगा दहा. सिद्ध करून दाखवू?"

"नको, नको, विश्वास आहे. फक्त सात तासांचं घड्याळ दुरुस्तीला माझ्याकडे आणू नका म्हणजे झालं."

सून हसली. मग कागदाचा एक चौरस उचलून म्हणाली, "म्हणजे कोणताच शर्ट एकटा पडणार नाही, आणि दोन सारखे एकमेकांना भेटणारही नाहीत."

विधान दोन्ही भागांत बरोबर होते. ती गणितात कच्ची आहे, हे मी यापुढे म्हणणार नाही.

२६ जानेवारी

कापणे पूर्ण झाले. आकाशी शर्ट सर्वांत शेवटी घेतला. पुठ्ठ्याचा पंधराचा चौरस, खडूची बारीक रेघ, कात्री. शेवटच्या तुकड्याला माझा हात थांबला, म्हणून सुनेने शर्टाची दुसरी बाजू धरली. एकशे चाळीस तुकडे सात गठ्ठ्यांत बांधून ठेवले. प्रत्येक तुकडा टेपने पडताळला. चूक नाही.

२ फेब्रुवारी

चूक आहे.

सुनेने आज पहिली ओळ शिवली, दोन्ही टोके मुडपून. दहा तुकडे. मी टेप लावला. दीडशे यायला हवे होते. आले एकशे पस्तीस.

"तू वाकडे शिवलेस," मी म्हणाले.

"नाही हो, आई. शिवणीत जातं ना कापड. प्रत्येक बाजूनं पाऊण सेंटीमीटर आत घेतलंय, नाहीतर धागे सुटतील." आणि मग तिचा चेहरा उतरला. "तुम्ही ते... मला वाटलं तुम्ही धरलंच असेल. तुम्ही कशाला चुकाल!"

मी धरले नव्हते.

छत्तीस वर्षे मी फळ्यापाशी उभी राहून सांगितले की रेषेला लांबी असते, जाडी नसते. मुले म्हणत, बाई, खडूच्या रेघेला तर आहे. मी म्हणे, ती रेषा नव्हे, ते रेषेचे चित्र. दोन चौरस एका सामाईक बाजूवर जुळतात, तेव्हा त्या बाजूला जागा लागत नाही. कागदावर लागत नाही. कापड जोडायचे, तर दोन्ही बाजूंनी थोडे आत दडपावे लागते आणि ते पुन्हा दिसत नाही.

पंधरा वर्ग दोनशे पंचवीस. साडेतेरा वर्ग एकशे ब्याऐंशी पूर्णांक एक चतुर्थांश. गुणोत्तर एक्याऐंशी शतांश. म्हणजे शंभरातले एकोणीस भाग शिवणीत गेले. एरवी असे झाले असते, तर बाजारातून आणखी कापड आणले असते.

चौदा ओळींची लांबी आता एकशे एकोणनव्वद होईल. दुमडायला आठ सेंटीमीटर. आठ सेंटीमीटरांत काहीही दुमडत नाही. तो झोपेत कूस बदलायचा तेव्हा पांघरूण नेहमी वर ओढायचा, आणि लहानपणापासून त्याचे पाय उघडे पडत.

१३ फेब्रुवारी

पाच ओळी एकमेकींना जोडून झाल्या. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे पाहण्याची रीत जुनी आणि निर्दोष आहे. एका बाजूवर पंचेचाळीस मोजा, दुसरीवर साठ. तिरपे अंतर पंचाहत्तर यायला हवे. आले पंचाहत्तर आणि वर तीन मिलीमीटर.

मी उसवायला सांगितले.

"तीन मिलीमीटर, आई! अंगावर घेतल्यावर कोण बघणार?"

"मी."

तिने उसवले. उसवताना तिने माझ्याकडे एकदा पाहिले, आणि मग खाली मान घालून प्रत्येक टाका अगदी जपून काढला, जणू तिलाही घाई नव्हती.

तिच्या भावाचा फोन आला होता. ती म्हणत होती, "होईल रे. चाललंय. आईंचं काम पक्कं असतं." हे खरे आहे.

२१ फेब्रुवारी

आज आठवी ओळ उसवली. परवा सहावी उसवली होती. दोन्ही वेळा कारण वाजवी होते आणि मी ते तिला आकृती काढून समजावले.

घड्याळवाले चहाला आले होते. कपात फुंकर मारत त्यांनी विचारले, "बाई, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"राग प्रश्नावर अवलंबून राहील."

"ही गोधडी तुम्हाला पुरी करायचीय का?"

"हा काय प्रश्न झाला? न करायची असती, तर आरंभ कशाला केला असता?"

"आरंभ केला तेव्हा करायची असेल. मी आताचं विचारतोय." त्यांनी सुनेच्या बंद खोलीकडे हनुवटी केली. ती कामावर गेली होती. "पोरगी तुम्ही म्हणाल तितक्या वेळा उसवेल. जूनपर्यंत उसवेल. तिकडची जागा जाईल, तरी उसवेल."

मी त्यांना सांगितले की अचूकतेचा आणि कालावधीचा संबंध सरळ आहे, आणि बिघडलेली घड्याळे ते महिनाभर ठेवून घेतात तेव्हा मी हा प्रश्न विचारत नाही. ते म्हणाले, "बरोबर," आणि चहा अर्धा टाकून गेले. त्यांनी चहा टाकलेला मी याआधी पाहिलेला नाही. बहुधा साखर कमी पडली असावी.

५ मार्च

चौदाही ओळी जोडून, कडा मुडपून झाल्या. शेवटच्या सहा ओळींत मी काही उसवायला सांगितले नाही. सून बसल्या बसल्या एकदा झोपली, मशीनच्या चाकावर कपाळ टेकून. त्यानंतर मी टेप बाहेर काढला नाही.

सून दुकानात गेल्यावर मी वरचा भाग मुलाच्या पलंगावर पसरला. आता तिथे ती एकटी झोपते. उशीच्या कडेपासून मोजले. एकशे एकोणनव्वद. अपेक्षेप्रमाणे. मी पलंगाच्या पायथ्याशी थोडा वेळ उभी राहिले.

आणखी दोन ओळी लावल्या तर लांबी दोनशे सोळा होते. दोन ओळी म्हणजे वीस तुकडे. वीस तुकडे म्हणजे नेमका एक शर्ट. सातच्या क्रमाची शिस्त मोडेल, पण लांबी भागेल.

हँगर आठ होते.

मुलाकडे राखाडी बारीक रेघांचा एक शर्ट होता. आदल्या दिवशी तोच अंगात होता. संध्याकाळी आल्यावर त्याने तो दाराच्या मागे टांगला आणि मी म्हणाले होते की कपडे टांगायला कपाट आहे. मे महिन्यानंतर तो दाराच्या मागे नाही. धुण्यात आला नाही. कुणाला दिला नाही, कारण काहीच दिलेले नाही. उरते एकच शक्यता: तो सुनेजवळ आहे.

६ मार्च

संध्याकाळी मी तिला विचारले. युक्तिवाद क्रमाने मांडला: हँगर, दार, धुणे, वीस तुकडे, दोनशे सोळा.

ती ऐकून घेत होती. नंतर म्हणाली, "आहे माझ्याकडे. पण तो धुतलेला नाही, आई."

"ही अडचण नव्हे. धुवून, इस्त्री करून कापता येईल."

"धुतलेला नाही," ती पुन्हा म्हणाली.

"तेच म्हणते आहे मी. धुता येईल. पावडरही आहे."

तिने ओठ आत घेतले. मग म्हणाली, "उद्या देते." एकच विधान तिने दोनदा का केले, ते मला उलगडले नाही. माझे उत्तर तर स्पष्ट होते.

७ मार्च

सकाळी कामावर जाण्यापूर्वी तिने एक प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. तोंडाला दोन गाठी होत्या. "घ्या," म्हणाली. चप्पल घालताना तिच्या चपलेचा पट्टा तिला लागेना. डावा की उजवा, हेच तिला कळत नव्हते.

मी बादलीत कोमट पाणी घेतले. पाच लिटरला दोन चमचे पावडर, म्हणून तीन लिटरला सव्वाहून किंचित कमी. फेस केला. पिशवीच्या गाठी सोडायला वेळ लागला; त्या घट्ट होत्या आणि पुष्कळ वेळा सोडून पुन्हा मारलेल्या असाव्यात, कारण प्लास्टिक तिथे पांढरे पडले होते.

शर्ट बाहेर काढला. कॉलरच्या आतल्या घडीवर काळसर रेघ होती. मी त्याला शाळेत असल्यापासून सांगत आले की मान घासून धूत जा.

इथपर्यंत नोंद व्यवस्थित आहे.

शर्ट धुतला नाही. बादलीतले पाणी थंड झाले, फेस बसला, मग ते पाणी ओतून दिले. दुपारी जेवले नाही. शर्ट मी घडी घालून पिशवीत ठेवला आणि दोन गाठी मारल्या. पहिल्यांदा मारल्या त्या सैल वाटल्या, म्हणून सोडून पुन्हा मारल्या. आणखी एकदा सोडण्याचे कारण नव्हते, तरी सोडल्या.

८ मार्च

काल सून घरी आली ती थेट बाल्कनीत गेली. दोरीवर काही नव्हते. मग धुण्याच्या जागी गेली. नंतर माझ्या दारात येऊन उभी राहिली. मी पिशवी तिच्या हातात दिली.

"हे तुझ्या कपाटात ठेव."

तिने पिशवी चाचपली. "धुतला नाहीत?"

"नाही."

"मग दोन ओळी?"

"गोधडी एकशे एकोणनव्वदचीच राहील."

"पण तुम्हाला तर कमी पडत होती."

कमी कुणाला पडत होती, हा खरा प्रश्न. जानेवारीत ती तोच विचारत होती आणि मी प्रमाण माप म्हणून उत्तर दिले. प्रमाण माप असे काही नव्हते. एक उंची गृहीत धरली होती. ते गृहीतक मी पक्षात लिहिले नाही आणि मग त्याच्यावरच सगळे उभे केले. असे एखाद्या विद्यार्थ्याने केले असते, तर मी उत्तरपत्रिका परत दिली असती.

"गृहीतक चुकले होते," मी म्हणाले.

ती पिशवी छातीशी धरून उभी होती. "आई, तुम्ही वास घेतलात ना?"

"पिशवी उघडली की आतली हवा बाहेर येते. श्वास घेणे टाळता येत नाही."

ती हसली. मे महिन्यानंतर इतक्या मोठ्याने प्रथमच. हसता हसता ते हसणे राहिले नाही, आणि ती माझ्या पलंगावर बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात तिथे किती वेळ होता, ते पाहिले नाही.

"हल्ली कमी येतो," ती म्हणाली. "आधी नुसतं कपाट उघडलं तरी यायचा. आता पिशवीत नाक घालावं लागतं. म्हणून मी रोज उघडत नाही. रविवारीच उघडते."

काल वार कोणता होता, हे मी पाहिले. रविवार नव्हता. मी तिचा एक वाया घालवला.

२३ मार्च

तिन्ही थर एकत्र करून त्यांवर धावदोरा घालण्याचे काम दोघींनी मिळून केले. ती एका कडेने, मी दुसऱ्या. टाके सारखे आले नाहीत. माझे बारीक आहेत, तिचे लांब. मध्यावर भेटलो, तिथे फरक दिसतो. उसवायचे का, असे तिने नजरेनेच विचारले. मी दोरा तोडला आणि गाठ मारली.

गोधडी पूर्ण झाली.

"ही तू घेऊन जा," मी म्हणाले.

"नको. माझ्याजवळ शर्ट आहे. शर्टही मी न्यायचा, गोधडीही मी न्यायची, हा कुठला हिशेब? तुम्हाला आता भागाकार शिकवायला हवा वाटतं."

शेवटच्या बाकावरच्या मुलीकडून हे ऐकावे लागले. तिचा भागाकार बरोबर होता.

२८ मार्च

सकाळी टेम्पोवाला आणि त्याचा सोबती आले. कपाट न्यायचे होते. ते मीच तिला देऊ केले. रिकामे कपाट मला नको होते. कपाट उभे, त्याच्या वर माळा. आडवे केल्याशिवाय ते दारातून निघणार नाही.

टेम्पोवाल्याने वर पाहून मान हलवली. "नाही व्हायचं, आजी. कलतं करताना माळ्याला अडकणार. खोलावं लागेल. आज काही जमत नाही, पुढच्या आठवड्यात मिस्त्री घेऊन येतो."

सून माझ्याकडे पाहत होती. मी टेप आणला. उंची दोनशे, खोली साठ. दोनशेचा वर्ग चाळीस हजार, साठाचा तीन हजार सहाशे. बेरजेचे वर्गमूळ दोनशे नऊहून किंचित कमी. जमिनीपासून माळ्याच्या तळापर्यंत दोनशे पंधरा.

"कलते करा," मी म्हणाले. "सहा सेंटीमीटर मोकळे राहतात."

"आजी, अडकलं तर?"

"अडकणार नाही."

"एवढं छातीठोक कसं सांगता?"

"याला पायथागोरसाचा सिद्धांत म्हणतात. तुम्ही शाळेत शिकला आहात."

"शिकलो असेन. पण तेव्हा कपाट नव्हतं ना समोर," तो म्हणाला. दोघांनी हात लावला. कपाट कलले, वरची कड माळ्याखालून फिरली आणि कुठेही न टेकता बाहेर पडले. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबण्याचे कारण राहिले नाही.

खोलीत भिंतीवर कपाटाच्या मापाचा एक स्वच्छ आयत उरला आहे. बाकीची भिंत त्याच्याहून मळलेली आहे, हे आजवर दिसले नव्हते.

निघण्यापूर्वी सुनेने हुकूम सोडला, "आई, पलंगावर आडव्या व्हा."

"आत्ता? कशासाठी?"

"सांगते ते ऐका. आजवर मी ऐकलं, आज तुम्ही ऐका."

मी आडवी झाले. तिने गोधडी माझ्या हनुवटीपर्यंत ओढली, ती बाजूला सारून टेप माझ्या डोक्यापासून टाचेपर्यंत धरला, पुन्हा गोधडी घातली. माझे माप कुणी कधी घेतले होते, ते मला आठवले नाही.

"एकशे बावन्न," ती म्हणाली. "एकशे एकोणनव्वद वजा एकशे बावन्न?"

"सदतीस."

"सदतीस उरतात. कमी कुठे पडतेय? एवढे पायांखाली नीट दुमडायचे. दुमडाल ना? तुमचे पाय रात्रभर बर्फासारखे असतात, मला माहितीय. लंबू सांगायचा."

तो हे तिला सांगत असे, हे मला ठाऊक नव्हते. मी म्हणाले, "गाडीची वेळ होते आहे."

तिने वाकून नमस्कार केला, आणि उठताना माझ्या पावलांवर हात थोडा अधिक वेळ ठेवला. पिशवी तिने हातातच घेतली होती, सामानात टाकली नव्हती. घड्याळवाले तिच्यासोबत स्थानकापर्यंत गेले. मी बाल्कनीतून पाहिले. वळणावर तिने मागे पाहिले, पण तोवर मला इतके स्पष्ट दिसत नव्हते. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा.

३१ मार्च

सकाळी आधण ठेवताना काळजीपूर्वक एक कप पाणी मोजले. मग घड्याळवाले येतील, असे वाटून आणखी एक ओतले. ते आले नाहीत. त्यांना मी बोलावले नव्हते.

गोधडी दोन दिवस वापरली. ऊब पुरेशी आहे. शिवणीच्या जागी हाताला जाड उंचवटे लागतात. न दिसणारे कापड तिथे आहे. आकाशी तुकडा उजव्या हाताशी येतो, हा क्रमाचा परिणाम. त्यात माझी निवड नाही.

उरलेल्या भागाबाबत नोंद: सदतीस सेंटीमीटर मी पायांखाली दुमडलेले नाहीत. माझ्या टाचांच्या पुढे ते पलंगावर सपाट पसरून ठेवले आहेत, कडा सरळ करून, कुणाचे पाय उघडे पडू नयेत अशा बेताने. पलंगाची ती बाजू रिकामी आहे. माझे पाय गार राहतात. या मांडणीचे समर्थन मला देता येत नाही आणि मी ती बदललेलीही नाही.

दुपारी सुनेचा फोन आला. कपाट तिथेही कलते करूनच आत नेले, म्हणाली. भावाला तिने वर्गमूळ काढून दाखवले आणि तो थक्क झाला. नवी खोली छोटी आहे. काम बरे आहे. मग तिने विचारले, "आई, गोधडी पायांखाली दुमडता ना?"

"हो," मी म्हणाले.

हे विधान असत्य आहे.